काटेकाका

परदेशी निघालेल्या माणसाला काटेकाका शोधावे लागत नाहीत. व्हिसा आल्याचं घरात सगळ्यांना कळायच्या आत जिन्यावर त्यांची चप्पल वाजते. असा गृहस्थ प्रत्येक पेठेत असतोच. आमच्या कसब्यातल्याकडे ताणकाटा आहे, एवढाच फरक. जुना, लोखंडी, खाली आकडा असलेला. घरातला झोपाळा उतरवल्यावर रिकाम्या राहिलेल्या कडीला तो टांगलाय. बॅगा आपण उचलायच्या, दोन जिने आपण चढायचे, काका फक्त काटा वाचणार. डिजिटल काट्यावर त्यांचा विश्वास नाही. "सेल उतरले की खोटं बोलतो."

बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला तेवीस किलो देतात. या एवढ्याशा नियमावर काकांचा सगळा संसार उभा आहे. शेजारच्या सुनेला मुलगा झाला. पेढे द्यायला आलेल्या आजोबांना त्यांनी आधी वजन विचारलं. "तीन किलो दोनशे? वा, केबिनमध्ये आरामात!" एका लग्नात रुखवत बघताना म्हणाले, "सव्वीस तरी होईल. तीन किलो कुठून काढणार?" विसर्जनाच्या दिवशी मानाच्या पहिल्या गणपतीची पालखी समोरून गेली तेव्हा काका हात जोडून उभे होते, ओठ हलत होते. अथर्वशीर्ष चाललं असेल असं वाटून मी जरा सरकून उभा राहिलो. "पालखी धरून चार बॅगा," असं काहीसं ऐकू आलं.

मुलगा मेलबर्नला. काका तिथे व्हिजिटर व्हिसावर एकदा तीन महिने राहून आलेत, तेव्हापासून 'आमच्या मेलबर्नला' सुरू झालं. भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एरवी दोघांत साडेचार तासांचं अंतर, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून साडेपाच. दसरा कधी आहे ते काका कॅलेंडरात बघतात, हा रविवार त्यांना पाठ आहे.

माझी भाची मेलबर्नला निघाली तेव्हा आमची पाळी आली. बॅग चोवीस किलो तीनशे भरली. काकांनी आत हात घातला, तिची दोन जाडजूड पुस्तकं काढून माझ्या हातात दिली आणि भाजणीचा पुडा होता तिथे परत ठेवला. "पुस्तकं तिथे लायब्ररीत फुकट मिळतात. भाजणी मिळते का?" यावर काय बोलणार?

मग तालीम. ऑस्ट्रेलियात उतरताना खाण्याचं सगळं सामान कार्डावर जाहीर करावं लागतं. लपवलं तर दंड, सांगितलं तर तपासतात आणि चालण्यासारखं असलं तर परत देतात. काका खुर्चीत ऑफिसर होऊन बसले. वास घेणाऱ्या कुत्र्याच्या भूमिकेत खालच्या मजल्यावरचा चौथीतला मुलगा. तो जरा जास्तच रंगला आणि मेतकुटाची पिशवी दातांत धरून पळाला.

"व्हॉट इज धिस?"

"काका, गोडा मसाला."

"काका कोण? ऑफिसर म्हण! आणि मान वर करून सांग. चोरी केलीयस का?"

नंतर 'शंभर गुण'. तिथे ओळख पटवायची तर कागदांना गुण असतात. पासपोर्टचे सत्तर, लायसन्सचे चाळीस, शंभर भरले की तुम्ही तुम्हीच. ही पद्धत काकांना बेहद्द आवडते, कारण यातही बेरीज आहे. खरी अडचण घराची. भाड्याने घर घेताना एजंट आधीच्या घरमालकाचं पत्र मागतो. मुलाच्या वेळी काकांनी ते पत्र स्वतः इंग्रजीत लिहिलं. कुटुंब तीन पिढ्या एकाच वाड्यात आहे, भाडं अठरा रुपये, कधी थकलं नाही. सही घ्यायला वाडामालकांकडे गेले. त्यांच्याशी भाड्यावरूनच गेली पंचवीस वर्षं कोर्टात दावा चालू. मालकांनी पत्र दोनदा वाचलं, 'टेनंट ऑफ एक्सलंट कॅरॅक्टर'खाली सही ठोकली आणि म्हणाले, "आता ही झेरॉक्स तुमचा वकील कोर्टात लावणार नाही ना?"

वाडा पुढे पडलाच. आता तिथे लिफ्टची इमारत आहे. काकांना मात्र दुसरा मजलाच मिळाला आणि लिफ्ट बहुधा बंदच असते.

एकदा बोलता बोलता आनंदीबाई जोशींचा विषय निघाला. 1883 साली, अठराव्या वर्षी, नवऱ्याला मागे ठेवून ती मुलगी कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली. काका म्हणाले, "बोटीला वजनाची अट नसणार, म्हणून जमलं." मी पुढचं सांगितलं. 1886 साली डॉक्टर होऊन परतल्या, 1887च्या फेब्रुवारीत आपल्या पुण्यातच गेल्या, पण अस्थी न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीला आहेत, मायेने सांभाळणाऱ्या कार्पेंटरबाईंच्या कुटुंबाच्या दफनभूमीत. काकांनी किलो विचारले नाहीत. "म्हणजे शेवटी तिकडेच," एवढंच म्हणाले आणि काट्याच्या आकड्याला तेल द्यायला लागले.

काकू गेल्यापासून मुलगा "इकडेच या" म्हणतो, हे मला तेव्हा कळलं. आईवडिलांना कायमचं बोलवायला तिथे दोन वाटा आहेत. एकीत माणशी चाळीस हजार डॉलरच्या वर भरायचे. दुसरी स्वस्त आहे, फक्त तिची रांग तीस वर्षांच्या पुढे गेली आहे. हे त्यांचं सरकारच सांगतं, आणि आईबापांकडूनच अर्ज घेतं! एवढा निगरगट्टपणा आमच्या पेठेतल्या दुकानदारांनाही जमलेला नाही. ते निदान पाटी लावून एकदाच अपमान करतात.

मुलाने पैसे भरायची तयारी दाखवली होती. काकांनी ऐकलं नाही. "त्याच्या घराचे हप्ते चालू आहेत." स्वस्त रांगेत अर्ज टाकलाय.

"पण काका, तुम्ही आत्ता त्र्याहत्तर."

"हो. एकशेतीनला नंबर लागेल." त्यांनी भाचीच्या बॅगेची चेन ओढली, बॅग आकड्याला लावली, चष्मा वर केला. "दात नसतील, म्हणजे चकल्या गेल्या. पुस्तकं वाचवणार नाहीत. नुसती औषधं. चौदा किलोत आटपेल सगळं." काटा थरथरून थांबला. "बावीस आठशे. अजून दोनशे ग्रॅम बसतात. मुलाचं घर हिच्या हॉस्टेलपासून लांब नाही. थांब, कुरडया आणतो."