अंड्याची तोंडी परीक्षा

न्यू जर्सीत डायनर शोधावा लागत नाही, हायवेवर तोच तुम्हाला गाठतो. बाहेर चकचकीत पत्रा, आत लांबलचक काउंटर आणि गरगर फिरणारी स्टुलं. एडिसनला लेकीकडे आलेल्या अण्णांना जावयाने अशाच एका डायनरमध्ये न्याहारीला नेलं. सोबत मीही होतो. अण्णा म्हणजे साताऱ्याचे निवृत्त मुख्याध्यापक. जन्मभर तोंडी परीक्षा घेतल्या, इथे द्यायची पाळी आली.

"एग्ज कशी हवीत, हनी?" वेट्रेसने विचारलं.

सत्तरीत 'हनी' ऐकून अण्णांनी आधी कॉलर नीट केली. मग म्हणाले, "चांगली."

जावयाने घाईघाईने शिकवणी घेतली. "सनी साइड अप म्हणजे उलटायचंच नाही, आपल्या इराण्याचं हाफ फ्राय. ओव्हर ईझी म्हणजे उलटायचं, पण क्षणभरच. पिवळं वाहतं राहिलं पाहिजे. ओव्हर मीडियममध्ये ते जरा आळतं. ओव्हर हार्ड म्हणजे पार घट्ट. स्क्रॅम्बल्ड म्हणजे बुर्जी, कांदा-मिरची वगळून. पोच्ड म्हणजे फोडून गरम पाण्यात सोडलेलं."

काउंटरपलीकडे आचारी एका हाताने अंडी फोडत होता. उलथनं पांढऱ्याखाली सरकवलं, मनगटाला किंचित झटका दिला, अंडं पालथं. पिवळ्याला ओरखडा नाही.

मेनूच्या तळाशी बारीक टाइपात इशारा होता: अर्धकच्च्या अंड्यांनी आजार होऊ शकतो. सरकारी सल्लाही पिवळं घट्ट होईपर्यंत शिजवा असाच. पर्याय ठळक, परिणाम बारीक.

"ओव्हर हार्ड," अण्णांनी सरकारची बाजू घेतली.

"टोस्ट? व्हाइट, व्हीट की राय? बटाटे किसलेले की फोडी केलेले? बेकन की सॉसेज?"

अण्णांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला.

"डायनरची सुरुवात 1872 सालची," जावई धीर देत म्हणाला. "प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाचा एक माणूस घोडागाडीतून रात्रपाळीच्या वर्तमानपत्रवाल्यांना खाणं विकायचा."

"तोही एवढं विचारायचा?"

"छे! त्याच्याकडे उकडलेलं अंडं असायचं."

"मग ती गाडी कशाला बंद केली?"

बिल आलं. त्यावर वीस टक्के टिप ठेवायची असते, हे जावयाने हळूच सांगितलं. अण्णांनी चष्मा पुसला, आकडा पुन्हा पाहिला.

"म्हणजे पेपर आम्ही सोडवला," ते म्हणाले, "आणि मानधन परीक्षकाला! चाळीस वर्षं मास्तरकी केली, ही सोय कुणी सांगितली नाही."