बोटाचा गुण

१२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाला धावपट्टी एकच, आणि आकाशात मदतीची रांग. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'चं फुगवून उभं करायचं इस्पितळ घेऊन आलेलं विमान शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे वळवलं गेलं. पुढे काही दिवसांनी हॉलिवूडचे नट जॉन ट्रॅव्होल्टा स्वतःचं बोइंग ७०७ स्वतः चालवत उतरले. (काहींच्या दारात स्कूटर असते.) विमानात अन्न, औषधं, डॉक्टर होते, त्याबद्दल कुरकुर करणारा करंटाच. पण सोबत सायंटॉलॉजी पंथाचे पिवळ्या टी-शर्टातले स्वयंसेवकही होते. त्यांच्या उपचाराची रीत अशी: जखमीच्या अंगाला बोट लावायचं, जाणवलं का विचारायचं, 'हो' आलं की आभार मानून दुसरीकडे लावायचं. भूल नको, टाके नकोत, औषधाचा तुटवडा तर मुळीच नाही. आणि पलीकडे सर्जन मंडळी उगाच पाय कापायचा की वाचवायचा, यावर डोकं शिणवत बसलेली! या हाताचं दान त्या हाताला कळू नये म्हणतात. इथे तशी अडचण नव्हती. पिवळा रंग ढिगाऱ्याच्या धुळीतही लांबून दिसतो, आणि फोटोत तर फारच खुलतो.