मैनाकावर तीन मिनिटं

ऑक्टोबरचा उकाडा ओसरला की शिवाजी पार्कावर शिट्ट्या वाजायला लागतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते. २००४ साली ती सुरू झाली तेव्हा कट्ट्यावरच्या जाणत्यांनी हे चार दिवसांचं खूळ आहे असा निकाल देऊन टाकला होता. आता त्याच जाणत्यांच्या घरी, देवघराशेजारच्या खिळ्याला सुनेची पदकं लटकलेली असतात. शिट्टी वाजली की रंगीत टी-शर्टांचा एक घोळका जीव खाऊन सुटतो. दुसरी शिट्टी झाली की तोच घोळका कमरेवर हात ठेवून हाश्शहुश्श करत रेंगाळतो. पुन्हा शिट्टी, पुन्हा धाव, पुन्हा हाश्शहुश्श. मैदानाची लाल माती तेवढी बिनविश्रांती उडत असते.

बँकेतून निवृत्त झालेले एक काका हा प्रकार बरेच दिवस न्याहाळत होते. एकदा त्यांनी शिट्टीवाल्या कोचला गाठलंच.

"काय रे, हे इंटरव्हल का काय ते, आठवड्यातून किती वेळा करायचं?"

"दोनदा, काका."

"बस? आणि उरलेले पाच दिवस?"

"हळू पळायचं. चालायचं. एखादा दिवस काहीच नाही करायचं."

काका कट्ट्यावर परत आले आणि म्हणाले, "आमच्या युनियनने पाच दिवसांचा आठवडा मागितला. दोन दिवसांचा मागायचं कुणाला सुचलंच नाही."

पोराचं म्हणणं मात्र बरोबर होतं. दमसास वाढवायचा तर हृदयाला अधूनमधून त्याच्या कमाल मर्यादेजवळ न्यावं लागतं. तिथे ते दर ठोक्याला जास्तीत जास्त रक्त ढकलतं, पायाचे स्नायू मिळेल तेवढा प्राणवायू ओढून घेतात, आणि हळूहळू दोघांचीही कुवत वाढते. अडचण एवढीच की त्या वेगाने सलग धावू म्हटलं तर काही मिनिटांतच खेळ खल्लास. म्हणून त्याचे तुकडे पाडायचे आणि मध्ये दम घ्यायचा. नॉर्वेतल्या संशोधकांचा २००७ सालचा एक प्रयोग यात फार गाजला. चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं रमतगमत, असं चार वेळा. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. तेवढीच मेहनत संथ, सलग धावून केलेल्यांपेक्षा या मंडळींची प्राणवायू वापरण्याची क्षमता जास्त वाढली. त्याआधी १९९६ साली जपानच्या इझुमी ताबाता यांनी वीस सेकंद धुमश्चक्री आणि दहा सेकंद विसावा अशी पद्धत मांडली होती. सगळं मिळून जेमतेम चार मिनिटं! जिममधले लोक हा आकडा ऐकून खूश होतात. ती चार मिनिटं कोणत्या वेगाने काढायची ते ऐकलं की पाण्याची बाटली शोधायला जातात.

बाकी या प्रयोगांतली माणसं तरणीताठी होती. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक चारशे मीटरच्या धावा एका दिवसात डझनांनी काढायचा, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने पाच हजार, दहा हजार आणि मॅरेथॉन अशी तिन्ही सुवर्णपदकं उचलली. पण झाटोपेकला त्यानंतर नऊ अठ्ठावीसची फास्ट पकडायची नव्हती.

परळ-लालबागला या विद्येचं नवल वाटायचं कारण नाही. कबड्डी म्हणजे दुसरं काय आहे? तीस सेकंदांची चढाई. त्यात पाय, डोळे, दम सगळं पणाला लावायचं, मध्यरेषा गाठायची आणि परत येऊन उभं राहायचं. मग समोरच्याची चढाई, त्याची धरपकड, की पुन्हा आपली पाळी. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव असे तुकड्यातुकड्यांनी जातात. नायगाव-वडाळ्याच्या भारतीय क्रीडा मंदिरात सामने बघताना कुणा चढाईबहाद्दराला विचारा, तो इंटरव्हल ट्रेनिंग करतो का. तो बहुधा म्हणेल, इंटरव्हलमध्ये आम्ही लिंबू चोखतो. त्याही आधी गिरणगावात भोंगे होते. पहिल्या भोंग्याला अंथरुणातून उठणारे आणि शेवटच्या भोंग्याला गेटात घुसणारे यांच्यातलं अंतर ज्या वेगाने कापलं जायचं, त्याची नोंद कुठल्या प्रयोगशाळेने घेतली नाही. गिरगावकरांना चाळीचे लाकडी जिने होते. टॉवर झाले, लिफ्ट आल्या, आणि आता तीच मंडळी चढ हवा म्हणून पहाटे सिरी रोड चढून मलबार हिलला जातात. चढ जोरात, उतार चालत. पद्धत अगदी शास्त्रशुद्ध आहे, तक्रार फक्त लिफ्टच्या मेंटेनन्सबद्दल.

आणि दादरचा पूल. ९ डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट आठपासून चौदापर्यंत झाले, त्यानंतर काही दिवस जुन्या आकड्यावर पाय ठेवणाऱ्या मुंबईकराने जेवढ्या दौडी काढल्या तेवढ्या कुठल्याही कोचने कुणाकडून काढून घेतल्या नसतील. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फुलबाजारातली शेवंतीची पुडी, घोषणा ऐकताच मान वळते आणि माणूस पायऱ्या दोन-दोन करत उतरतो. डब्यात शिरला की दांडीला लटकून श्वास जागेवर आणतो. म्हणजे जोरात धावण्यात आमचा हात कुणी धरणार नाही. आमचं घोडं अडतं ते हळू धावण्यापाशी.

खरी मेख तिथेच आहे. शरीर सुधारतं ते धावताना नाही, धावून झाल्यावर, झोपेत आणि निवांतपणात. म्हणून दोन जोरकस दिवसांत निदान अठ्ठेचाळीस तास जाऊ द्यावेत असं सांगतात. अव्वल धावपटूंच्या वेळापत्रकांचा अभ्यास करणाऱ्या स्टीफन सायलर यांना आढळलं की पाचातली चार सत्रं ही माणसं आरामात धावतात. आपल्या पार्कात याच्या नेमकं उलट. कुणी पंजाबी ड्रेसवर बूट घातलेल्या मावशी मागून येऊन पुढे गेल्या की हळू धावायला निघालेल्या गृहस्थाचा स्वाभिमान जागा होतो. मग तो ना धड जोरात, ना धड हळू, अशा अधल्यामधल्या वेगात रोजची सव्वा किलोमीटरची फेरी उरकतो. रोज दमतो, रोज घामाघूम होतो, आणि सहा महिन्यांनी जिथे होता तिथेच असतो. पुढच्या शिट्टीच्या दिवशी त्याच्या पायात जोर उरलेला नसतो, कारण आदल्या दिवशी तो मावशींच्या मागे खर्ची पडलेला असतो.

हळू म्हणजे किती हळू, याचं मोजमाप घड्याळापेक्षा जिभेवर सोपं आहे. धावता धावता इमारतीच्या पुनर्विकासावर बोलता आलं, कॉर्पस किती, कार्पेट एरिया किती, बिल्डर कसा बनेल, सेक्रेटरी कुणाला मिळालेला आहे, इथपर्यंत पूर्ण वाक्यात पोचता आलं, तर वेग बरोबर आहे. जोराच्या दिवशी मात्र "हो", "नाही", "थांब" यापलीकडे शब्द फुटता कामा नयेत. नव्याने सुरू करणाऱ्याने आठवड्यातून एकदाच करावं, अंगवळणी पडलं की दोनदा. तीनदा हा चार-सहा आठवड्यांचा, शर्यतीआधीचा मामला. पन्नाशी ओलांडलेल्यांनी आणि बीपी-शुगरवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. कट्ट्यावरच्या डॉक्टरांना नव्हे, दवाखान्यातल्या.

दोन वार निवडायचे म्हटल्यावर पंचाईत होते ती वेगळीच. सोमवारी उपास, त्यामुळे पोटात नुसती खिचडी. मंगळवारी पहाटेपासून सिद्धिविनायकाची रांग, सावरकर मार्गावर अनवाणी भक्तांमधून वाट काढणंच मुळात व्यायाम. गुरुवारी कुणाचे स्वामी, कुणाचे साईबाबा. शुक्रवारी आठवडा संपवायची घाई. रविवारी मटण, आणि मटणानंतरची झोप. उरतात बुधवार आणि शनिवार. मध्ये एकदा दोन दिवसांची, एकदा तीन दिवसांची मोकळीक. कुठल्या परदेशी तज्ज्ञानेही यापेक्षा बरं वेळापत्रक आखलं नसतं.

तेही गणपतीत कोलमडतंच. लालबागचा राजा १९३४ पासूनचा. अनंत चतुर्दशीला तो निघतो आणि गिरगाव चौपाटीला पोचेपर्यंत वीस-वीस तास लोटतात. लालबाग ते गिरगाव इतक्या संथ गतीने जाणारं दुसरं काही असेल तर ती फक्त मिरवणुकीत अडकलेली बेस्टची बस. त्या दिवसांत शिट्टीची आठवण कुणाला राहणार? पण धीर द्यायला रॉबर्ट हिक्सन नावाचे अमेरिकन संशोधक आहेत. १९८१ साली त्यांनी दाखवलं की आठवड्यातून सहा दिवस कमावलेला दमसास पुढे दोनच दिवसांच्या मेहनतीवरही पंधरा आठवडे टिकतो. अट एकच, त्या दोन दिवशी जोर कमी करायचा नाही. दिवस चुकले तर शरीर सांभाळून घेतं, ढिलाई मात्र चालवून घेत नाही.

शनिवार ठरला तेव्हा काकांनी एक शंका काढली. शनिवार मारुतीचा. मारुतीरायाने लंकेकडे उड्डाण केलं तेव्हा समुद्रातून मैनाक पर्वत वर आला आणि म्हणाला, जरा टेका. मारुतीने त्याला नुसता हात लावला आणि रामकार्य झाल्याशिवाय विसावा नाही म्हणत तो पुढे गेला. "मग त्याच्याच वारी आपण दर चार मिनिटांनी थांबायचं म्हणजे..."

"काका, तो वायुपुत्र," कोच म्हणाला. "प्राणवायूची त्याच्या घरचीच सोय होती. तुम्ही मैनाकावर तीन मिनिटं घ्या. बसायचं नाही पण, चालत राहायचं."

काकांनी मान्य केलं. बुधवारबद्दल मात्र एक अट घातली. शेवटची शिट्टी साडेसातच्या आत झाली पाहिजे, कारण त्यानंतर सिटीलाइटच्या बाजारात धड बोंबील उरत नाहीत.