पासपोर्टाशिवाय पवनी

इटलीला जाऊन आलेला माणूस लगेच ओळखू येतो. तो घरच्या चहाला नावे ठेवतो आणि मोबाइल आपल्या नाकापुढे धरून दगडांचे फोटो दाखवत सुटतो. आमच्या उमरेडातही आता असे दोघे-तिघे झाले आहेत. सकाळी कोलोसियम, दुपारी पास्ता, संध्याकाळी कारंज्यात नाणे, असा त्यांचा हिशेब ऐकून आमच्या घरातूनही मागणी आली, "आपणबी एखादं जुनं शहर पाहून येऊ ना!" पासपोर्ट नसलेल्या उमरेडकराने जुने शहर पाहायचे तर पवनी गाठावी. वाट तासाभराची. तट आहे, खंदक आहे, नदी आहे, देवळे तर इतकी की गावाला विदर्भाची काशी म्हणतात.

निघण्याआधी अर्थातच तर्रीपोहे. चण्याच्या तर्रीचा लाल तवंग पोह्यांवर उतरतो, वर मूठभर शेव पडते आणि थंडीतही कपाळाला घाम येतो. इटालियन माणूस सकाळी उभ्याउभ्या कॉफीचा घोट घेऊन कामाला लागतो म्हणे. त्या देशाने पुढे साम्राज्य कसे गमावले, यावर मी काही बोलत नाही.

वाटेत भिवापूर लागते. हंगामात इथे रस्त्याकडेला मिरची वाळत पडलेली असते आणि सातऱ्यावर, म्हणजे मिरचीच्या खळ्यावर, बाया देठ खुडत बसलेल्या असतात. गाडीची काच खाली केली की आधी शिंक येते, मग गाव येते. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, त्यामुळे शिंकही मानांकित समजावी. पण या मिरचीचा मूळपुरुष इटलीतल्या जेनोआचा. कोलंबस निघाला होता भारतातले मिरे शोधायला. 1492 साली पोहोचला भलतीकडेच, अमेरिकेत, आणि त्याला सापडली मिरची. पुढे ती पोर्तुगीजांनी गोव्यात उतरवली. इटलीच्या ताटातला टोमॅटोही त्याच अमेरिकेतला. म्हणजे त्यांचा पास्ता आणि आमची तर्री यांचे गोत्र एकच निघाले. हे घरी सांगितले, तर उत्तर आले, "तं मग तिथं जाऊन काय येगळं खाल्लं त्या लोकायनं?"

पवनीला तीन बाजूंनी जुना तट आणि खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. इटलीतल्या लुक्का गावाच्या तटावर लोक भाड्याच्या सायकली फिरवतात. इथल्या तटावर गवत आणि बकऱ्या आहेत, आणि बकऱ्या कोणाकडून भाडे घेत नाहीत.

खरा ऐवज जगन्नाथ टेकडीत. 1969-70 साली नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने इथे खोदले तेव्हा इसवी सनापूर्वीचा बौद्ध स्तूप हाती लागला, तोही सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षा रुंद. बुद्धावर फणा धरणाऱ्या मुचलिंद नागाचे नाव कोरलेला खांब निघाला. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी त्यावर अहवाल लिहिला. हे सगळे वाचून मी फुगून टेकडीच्या पायथ्याशी उभा राहिलो आणि एका पोराला विचारले, "स्तूप कोणीकडं?" तो म्हणाला, "स्तूप नाई मालूम. टेकडी हेच." दोघेही बरोबर होतो.

पंचमुखी गणपतीला मात्र वाट विचारावी लागत नाही. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा, खांबासारख्या एकाच दगडात पाच तोंडे. कुठल्याही बाजूने आलात तरी पाहतोच. लपून आल्याचा काही फायदा नाही. तिथून वैजेश्वराच्या घाटावर. पायऱ्यांवर बसून उकडलेले शिंगाडे सोलत नदी पाहावी. नखे काळी होतात, होऊ द्यावीत.

जेवण नात्यातल्या एकांच्या वावरात होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, आणि नको म्हणेपर्यंत तूप. नको म्हटल्यावरही तूप. नेपल्सच्या पिझ्झा भाजण्याच्या कलेला युनेस्कोने 2017 साली मान दिला. रोडग्यांनी अजून अर्जच केलेला नाही, नाहीतर राख झटकून रोडगा फोडण्याची ती एक चापट पाहूनच समिती उठून उभी राहिली असती.

परतीला जवळच्या गोसेखुर्द धरणाचा विषय निघालाच. भूमिपूजन 1988 सालचे आणि प्रकल्पाची कामे अजून आपली चालूच. नावे ठेवणाऱ्यांना मी मिलानचे मोठे चर्च ऐकवतो: 1386 साली बांधायला घेतले, शेवटचा दरवाजा 1965 साली बसला. त्या मानाने आपण घाईतच आहोत.

इटलीला जरूर जा. पण त्याआधी एका हिवाळी रविवारी पवनी उरकून घ्या. पोहे दहाच्या आत गाठा, रोडग्यांचा निरोप आदल्या दिवशी द्या, आणि टेकडी जेवणाआधी चढा. नंतर ती चढवत नाही.