वर्गाला शंका नाही

इटियाडोह धरणाच्या आसपासच्या कुठल्याही शाळेत धडा संपवून सरांनी "काही शंका?" म्हटलं, की शेवटच्या बाकापर्यंत एकच गजर होतो, "नाही, सर!" इतके निःशंक जीव एका छपराखाली एरवी सापडायचे नाहीत.

भूगोलाचाच तास घ्या. गाढवी नदी वैनगंगेला मिळते, तिच्यावर आपलं धरण आहे, असं सर सांगतात. नदीचं नाव गाढवी कसं पडलं, हा प्रश्न त्या क्षणी प्रत्येक डोक्यात वळवळत असतो. पण विचारणार कोण? जो उभा राहील त्याचं टोपणनाव दहावीपर्यंत पक्कं. आपला गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला १९९९ साली, धरण त्याच्या कितीतरी आधीचं, मग ते मूळचं भंडाऱ्याचं का, हीसुद्धा शंका चांगली आहे. पण घंटा व्हायला दोन मिनिटं उरलेली असताना ती काढणं म्हणजे मित्रद्रोह. अभय फक्त एकाच प्रश्नाला, "सर, हे परीक्षेत येईल का?"

हीच पोरं उन्हाळी धानाच्या दिवसांत बांधीच्या धुऱ्यावर ऐकावीत. "मामाजी, नहराले पानी कवा सुटते? दार कोन उघडते? त्याले कोन सांगते? लाखांदूरपावतर पुरते का?" मामाला यातलं निम्मं ठाऊक नसतं, आणि तो तसं खुशाल सांगतो. "मले का मालूम, बाबू? चाल, चौकीदाराले विचारू." खरी मेख इथंच असावी. सरांना उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे त्यांच्यापुढे विचारणं म्हणजे स्वतःच्या अज्ञानाचा पंचनामा. धुऱ्यावर मामा-भाचे दोघंही सारखेच अडलेले.

धरणाच्या अंगाला, गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिबेटी मठांतल्या शिक्षणात वादाची जुनी रीत आहे. उत्तर देणारा खाली बसतो, विचारणारा उभा राहतो, आणि पाय आपटून, खणखणीत टाळी वाजवून प्रश्न टाकतो. आपल्याकडे उभं करतात ते उत्तर न आलेल्याला! ही रीत आपल्या शाळांत आणायची, तर आधी सरांना सतरंजीवर बसवावं लागेल, आणि त्याला वरून परिपत्रक हवं. ते निघालंच, तर दर शनिवारी टाळ्या किती वाजल्या, त्यांत मुलींच्या किती, याचा तक्ता भरून केंद्रप्रमुखांकडे पाठवणं ओघानं आलंच.