लोणारच्या दगडाचा पंचनामा

अंतराळयान म्हणून चालेल अशी वस्तू आमच्या अनसिंग गावात दर दोन गल्ल्यांआड उभी असते. ट्रॅक्टरची हायड्रॉलिक ट्रॉली. दांडा ओढला की ती तोंड वर करते, घरघरते, आणि पुढचा ट्रॅक्टर धूर सोडतो. रॉकेट याहून निराळं काय करतं? २०२५च्या गणेशोत्सवात हा विचार माझ्या डोक्यात शिरला आणि मी मंडळाकडून नाटकासाठी एक रात्र मागून घेतली.

ही बाधा मूळची दूरदर्शनची. अमेरिकेत १९६६ साली सुरू झालेली ‘स्टार ट्रेक’ ही मालिका आमच्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली. तिच्यातल्या यानावर अमेरिकन कॅप्टन, आफ्रिकेची उहुरा, जपानी वंशाचा सुलू, टोकदार कानांचा स्पॉक आणि ऐन शीतयुद्धात रशियन चेकॉवसुद्धा गुण्यागोविंदाने नांदत. इंग्रजी कळत नसल्यामुळे ते भांडत असतील तरी मला कळलं नसतं. पुढे विज्ञानकथाकार नारळीकर वाचनात आले. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवताना, आपल्या नावाकडे बघून बक्षीस मिळायला नको म्हणून, त्यांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं होतं. बक्षीस मिळालंच. मी मात्र नाटकाच्या फलकावर माझं नाव नाटकापेक्षा मोठं रंगवून घेतलं.

कथानक आमच्या भागातलंच. शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात लोणारला आकाशातून दगड पडला आणि बेसाल्टच्या खडकात पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. इतकं नुकसान होऊन अजून पंचनामा नाही! तेव्हा दगडाच्या मूळ मालकाला शोधून भरपाईची नोटीस बजावायला एक यान निघतं, त्यात एक तलाठी असतो.

नाना तऱ्हेची माणसं जमवायला आठवडी बाजारापलीकडे जावं लागलं नाही. वैमानिक जवळच्या तांड्यावरचा, मेकॅनिक वेल्डिंगच्या दुकानातला हिंदी बोलणारा दोस्त, डॉक्टर म्हणून मेडिकलवाले मारवाडी शेठ. अडचण एकच. प्रत्येकाला कप्तान व्हायचं होतं. शेवटी ट्रॉलीच्या मालकाने वाद मिटवला : “मी कप्तान नाई, तं ट्रॉली बी नाई.” परग्रहवासी व्हायला कोणीच तयार होईना, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी त्याच्या तोंडी पुस्तकी मराठी घातली होती. रंगीत तालमीत मी “आपले आगमन कोठून झाले?” असं विचारताच बघायला आलेली पोरं म्हणाली, हा माणूस इथला नाही हे पटलं बुवा.

प्राणवायूच्या टाक्या म्हणून सगळ्यांच्या पाठीवर फवारणीचे पंप चढवले. दिसायला झकास! फक्त ते त्याच दिवशी सोयाबीनवरून आले होते आणि धुवायला कोणाला सवड झाली नव्हती. पडदा उघडला आणि आकाशगंगेच्या आधी वास पसरला. पुढच्या रांगेतून आवाज आला, “हे चक्रीभुंग्याचं औषध हाय का अळीचं?” दुसरा म्हणाला, “अळीचं. वासावरून वळखलं.” मग कोणी किती फवारे मारले, खोडमाशी कोणाकडे आहे, पिवळा मोझॅक कोणाच्या धुऱ्यापर्यंत आला, याची चर्चा सुरू झाली. मी तिकडे प्रकाशवर्ष समजावून सांगत होतो.

उड्डाण हा माझा हुकमी प्रसंग. कप्तानाने “उड्डाण!” म्हटलं की त्याच्या भाच्याने ट्रॉली वीतभर उचलायची, असं ठरलं होतं. भाच्याने ती तूर खाली करताना उचलतो तशी उचलली. प्रेक्षकांना आतलं दिसावं म्हणून मागचा फाळका मीच उघडा ठेवायला लावला होता. आधी तलाठी नोटिशीसकट घसरला, त्याच्यावर डॉक्टर, डॉक्टरवर मेकॅनिक. कप्तान तेवढा बाजूचा फाळका धरून लोंबकळत राहिला आणि वरून भाच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिला. वन्समोअर मिळाला. माझ्या लिखाणाला मिळालेला तो पहिलाच.

तेवढ्यात लाइन गेली. कृष्णविवर दोन प्रवेश पुढे होतं, पण लोकांना वाटलं तेच आलं, आणि अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी विंगेतून मोठ्या आवाजात प्रकाशसुद्धा त्यातून सुटत नाही हे सांगून टाकलं. त्यावर कोणीतरी मोबाइलचा टॉर्च लावून विवराचा निकाल लावला.

लाइन आली तेव्हा निम्मी मंडळी घरी गेली होती. चटईवर एक आजी शेवटपर्यंत बसून होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. माझ्या तोंडाला हिरवा रंग तसाच होता.

“बापू, इतक्या दूर चालले हे लोकं, तं सैपाक कोन करे?”

यानात तलाठी होता, स्वयंपाकी नव्हता. पण मी हरलो नाही. आजी, म्हटलं, याच जूनमध्ये आपला शुभांशू शुक्ला अंतराळ स्थानकावर गेला होता. सोबत अमेरिकेची बाई, एक पोलंडचा, एक हंगेरीचा. जाताना त्याने गाजराचा हलवा नेला, मुगाच्या डाळीचा हलवा नेला, आमरससुद्धा नेला.

आजींनी जरा विचार केला.

“आमरस नेला, ते बरं केलं. मंग पोया कोनं लाटल्या?”