रिटायर्ड काकाजी

म्हाताऱ्या माणसांबद्दल जगाचे काही ठाम समज आहेत: ऐकू येत नाही, आठवत नाही, मोबाइल झेपत नाही, जुनं तेवढंच सोनं वाटतं. नागपूरच्या रिटायर्ड काकाजींनी यातला एकही कधी खोडून काढला नाही. कशाला खोडायचा? सगळेच कामाचे आहेत.

कानाचंच घ्या. "काकाजी, गव्हाचं पोतं उतरवू लागता का?" हे तीनदा ओरडूनही पोचत नाही. पण सूनबाई स्वयंपाकघरात फोनवर हळूच "आमच्याकडे ना..." म्हणाली, की कूलरच्या घरघरीतून ओसरीवरचा आवाज येतो, "काऊन, काय झालं आमच्याकडे?"

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतील; पण ३१ ऑक्टोबर १९८७ विचारा. सिव्हिल लाइन्सच्या मैदानात चेतन शर्मानं न्यूझीलंडच्या तिघांच्या लागोपाठ दांड्या उडवल्या, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. मग तापानं फणफणलेल्या गावसकरनं वन-डेतलं आपलं एकुलतं एक शतक ठोकलं. "आपण होतो ना तिथं!" साठीपुढचा अख्खा नागपूर तिथं होता. साऱ्यांना बसवायचं तर स्टेडियम कामठीपर्यंत न्यावं लागलं असतं.

जुन्याचा उमाळा तर विचारूच नका. नागपूरची राजधानी गेली १९५६ साली. काकाजी तेव्हा चड्डीची नाडी बांधायला शिकत होते, दुःख मात्र कालचं असावं तसं. तर्रीलाही आता पहिली मजा राहिली नाही, हे ते पोह्यांची दुसरी प्लेट पुसता पुसता सांगतात.

मोबाइल "आपल्याले काही जमत नाही बाप्पा." म्हणजे विजेचं बिल मुलानं भरायचं. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस आले, की हेच काकाजी अंबाझरीच्या बागेत एकेकाला बाकावर बसवून मोबाइलवर चेहरा टिपतात. "डोळे मिचकव ना भाऊ! नाही तं सरकार तुले मेलेला समजते."

अडलं ते फक्त एसटीत. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. पासष्टच्या पुढे अर्धं तिकीट. काकाजींच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जुलै, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं टाकलेली. त्या हिशेबानं पंच्याहत्तरी अजून वर्षभर लांब. गणेशपेठच्या स्टँडवर अमरावतीच्या गाडीत बसल्या बसल्या त्यांनी कंडक्टरला सुनावलं, "गुरुजीनं वर्ष कमी लिवलं बावा, आपलं खरं वय पंच्याहत्तर!"

"हो का? मग नोकरी वर्षभर जास्त केली असन तुम्ही," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला. "त्या वर्षाचा पगार वापस केला का, काकाजी?"

काकाजींनी मुकाट्यानं अर्धं तिकीट घेतलं आणि खिडकीजवळच्या कॉलेजच्या पोराकडे वळले. "उठ रे बापू, वय झालं आता आमचं."